गोष्ट सांगण्याची रीत : चिमणीच्या घरापासून कथाकथनापर्यंत



चिऊकाऊची गोष्ट आमच्या घरात मी तीनदा ऐकली. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली, पुढे पत्नी मुलांना भरवताना सांगत असे तेव्हा ऐकली, आणि आता ती नातीला सांगते तेव्हा ऐकतो. कावळ्याचे घर शेणाचे, ते पावसात वाहून जाते. चिमणीचे घर मेणाचे, ते तगते. कावळा दार ठोठावतो आणि चिमणीच्या बाळाचे न्हाणेमाखणे काही संपत नाही. यातले काहीही बदललेले नाही. तरी परवा ऐकताना माझ्या लक्षात आले की गोष्ट तीच राहिली आहे, सांगणे मात्र ते राहिलेले नाही.

आजी गोष्ट सांगताना मध्ये थांबत नसे. पत्नीला आता थांबावे लागते. शेण म्हणजे गोबर, मेण म्हणजे मोम, पाट म्हणजे काय ते तर स्वयंपाकघरातून आणूनच दाखवावे लागते. नात इंदूरच्या शाळेत शिकते. गोष्ट तिला आवडते, सगळी कळते. पण आम्ही जिथे ‘मग?’ म्हणत होतो, तिथे ती ‘फिर?’ म्हणते. गोष्टीच्या पोटात शब्दार्थ सांगणे ही आमच्या घरातल्या कथनाची नवी रीत आहे. ती कुणी ठरवून आणली नाही. ऐकणारे बदलले म्हणून ती आली.

आजच्या व्याख्यानात मला जे सांगायचे आहे त्याचे बीज या लहानशा अनुभवात आहे. कथनाची तंत्रे काळाप्रमाणे बदलतात हे सर्वांना मान्य आहे. प्रश्न असा की त्या बदलाचा अभ्यास करायचा कसा? नेहमीची पद्धत शिडी लावण्याची : खाली जुन्या भाबड्या गोष्टी, वर कादंबरी, त्याच्याही वर नवकथा. या पद्धतीत जुने सगळे कच्चे ठरते आणि नवे सगळे पक्के. मला ती शिडी मान्य नाही. माझे म्हणणे असे, की सांगणारा आणि ऐकणारा यांचे नाते बदलले की तंत्र बदलते. म्हणून कोणतीही गोष्ट हाती आली की चार साधे प्रश्न विचारावेत. कोण सांगतो आहे? कोणाला? सांगणाऱ्याला किती ठाऊक आहे? आणि गोष्ट संपवतो कोण? हे चार प्रश्न घेऊन आपण मराठी गोष्टीच्या वाटेने थोडे चालून पाहू.

चिमणीपासूनच सुरुवात करू, कारण ती आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ म्हातारी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त ही गोष्ट आहे. तिथे चिमणीच्या जागी साळै आहे, पण शेणाचे घर आणि मेणाचे घर तेच. म्हणजे आपल्या आया-आज्यांच्या तोंडची ही गोष्ट किमान सातशे वर्षे मराठीत नांदते आहे.

‘लीळाचरित्रा’ची सांगण्याची रीत पाहण्यासारखी आहे. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. अमुक गावी, अमुक जागी, अमुक जण होते, स्वामी असे म्हणाले, एवढे नेमके सांगायचे आणि थांबायचे. सांगणारा आपल्या पदरचे रंग भरत नाही. मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. त्यामुळे एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठ झाले. महानुभावांनी त्यांतला एक ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत; कोणाच्या म्हणण्याप्रमाणे काय, हेही नोंदवले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे असे मिळते : सांगणारा एकटा नाही, पुष्कळजण आहेत, आणि प्रत्येकाने आपण पाहिले-ऐकले तेवढेच सांगायचे आहे. विसाव्या शतकातल्या कादंबरीकारांनी एकच घटना तीन-चार पात्रांच्या तोंडून सांगितली तेव्हा ती नवी युक्ती म्हणून वाखाणली गेली. आपल्या गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात तिचे मूळ आहे. तिथे ती युक्ती म्हणून आली नव्हती. गुरूचा शब्द बदलता कामा नये, या धाकातून ती आली होती. तंत्रामागे गरज असते ती अशी.

त्याच परंपरेतल्या केशिराजबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त दुसरी रीत दिसते. तिथे आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा लावून दाखवलेला अर्थ, असे तीन भाग असतात. गोष्ट मध्ये बसलेली असते, पुढे-मागे तिचे राखणदार. ऐकणाऱ्याने भलताच अर्थ घेऊ नये म्हणून ही तजवीज. चौथ्या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्ट आहे : गोष्ट संपवतो तो सांगणारा, आणि अर्थही तोच हातात ठेवतो.

आता घरात या. श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी हातात अक्षता घेऊन ऐकल्या आहेत, त्यांना आठवेल की त्या कहाणीला गाव असते ते आटपाट नगर. ते कुठेच नसते, म्हणून कुठेही असते. माणसांना बहुधा नावे नसतात : एक ब्राह्मण, त्याची आवडती आणि नावडती, राजाच्या सुना. काळ सांगितलेला नसतो. आणि शेवटी साठ उत्तरांची गोष्ट पाचांत आटोपली असे सांगून कहाणी आपल्या तोंडाने स्वतःची लांबी मोजते. कहाणीतल्या बाईला जे लाभले ते ऐकणाऱ्यांनाही लाभो, अशी इच्छा करून थांबते. अशी नावे-गावे नसणे हा कसबाचा अभाव नाही. ही कहाणी ज्या बाईला ऐकायची आहे तिला तीत स्वतःला बसता यावे, म्हणून ती जागा मोकळी ठेवलेली असते. शिवाय इथे ऐकणे हा व्रताचाच भाग असतो. ऐकणारी नसेल तर कहाणी पुरीच होत नाही.

कीर्तनाची गोष्ट याहून वेगळी. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण होते, मध्ये बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, आणि उत्तररंगात आख्यान रंगते. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे समोरच्या बायकापोरांनाही ठाऊक असते. तरी माणसे रात्री उशिरापर्यंत बसतात आणि तारामतीच्या प्रसंगाला डोळे पुसतात. म्हणजे ‘पुढे काय?’ या उत्सुकतेवर हे तंत्र उभे नाही. ‘आज कसे सांगतात?’ या उत्सुकतेवर ते उभे आहे. म्हणून बुवा मध्येच आर्या म्हणतात, साकी-दिंडी घेतात, कालच्या बाजारातला एखादा प्रसंग पौराणिक राजाच्या दरबारात नेऊन सोडतात. समोरची मंडळी कशी आहे ते पाहून आख्यान लांबते, आखडते. मघाशी म्हटलेली शब्दार्थ सांगण्याची सोय बुवांकडे पहिल्यापासून होती. आपल्या घरात ती आता आली.

बखरीत समोर मंडळी नसते, एकच श्रोता असतो आणि तोही धनी. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास शिवछत्रपतींची बखर लिहिली. धन्याने विचारले आणि सेवकाने निवेदन केले, असा तिचा घाट आहे. म्हणून वाक्य आटोपशीर, हुकमी. प्रसंग वेगाने पुढे सरकतात आणि मध्येच गडकोटांच्या याद्या येतात. आज आपल्याला त्या याद्या कथेत अडथळा वाटतात. पण वडिलांनी मिळवले किती, हे ज्या मुलाला ऐकायचे आहे, आणि तेही राज्य संकटात असताना दूर जिंजीच्या किल्ल्यात बसून, त्याला ती यादी कथेइतकीच प्रिय असणार. ‘कोणाला?’ हा प्रश्न विचारला नाही, तर सभासदाची बखर अर्धीच कळते.

छापखाना आला आणि मराठी सांगणाऱ्यापुढे प्रथमच असा श्रोता आला की जो दिसत नाही. हुंकार देत नाही, डोळे पुसत नाही, उठूनही जात नाही. या न दिसणाऱ्या माणसाशी बोलायचे कसे हे शिकण्यात आपल्या लेखकांची एक पिढी गेली. ते शिकणे दोन पुस्तकांत समोरासमोर ठेवून पाहता येते.

बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. विधवांची स्थिती हा त्याचा विषय, आणि नायिका यमुना. ती नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते, ऐकते. पुढे तीच दशा तिच्या वाट्याला येते. सांगणारा लेखक बाहेर उभा आहे. प्रसंग दाखवायचा, मग त्यावर संभाषण घडवायचे, मग वाचकाला बोध पोचवायचा, अशी त्याची चाल आहे. ‘दृष्टान्तपाठा’तले ते राखणदार इथे पुन्हा भेटतात. पदमनजींना वाचकावर भरवसा नव्हता असे मी म्हणणार नाही. समोर न दिसणाऱ्याला समजले की नाही हे कळायला त्यांच्यापाशी साधन नव्हते, एवढेच.

तीस-पस्तीस वर्षांनी हरि नारायण आपट्यांनी विषय जवळपास तोच घेतला. त्यांची नायिकाही यमूच. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली. पण आता लेखक बाजूला झाला आहे. यमू स्वतःच आपली हकीकत सांगते, आणि लहानपणापासून सांगते. त्या वयात तिला जेवढे कळले तेवढेच ती सांगते; मोठ्यांच्या बोलण्यातले जे तिला उमगले नाही, ते वाचकाला मात्र उमगते. तिसरा प्रश्न इथे कामाला येतो : सांगणाऱ्याला किती ठाऊक आहे? वाचकाला यमूपेक्षा जास्त कळू लागते आणि तिच्यावर पुढे येणारे संकट तिच्याआधी आपल्याला दिसू लागते. नवरा गेल्यावर तिचे केशवपन होते तिथे कुणी भाष्य करावे लागत नाही.

शिवाय ही गोष्ट हप्त्याहप्त्याने येत होती. आज वाचले की पुढचा अंक येईपर्यंत थांबणे भाग. घरात, ओसरीवर, त्या मधल्या दिवसांत यमूबद्दल बोलणे होणार. गेलेला हुंकार अशा रीतीने परत आला. फक्त तो आता आठवडाभर लांबला होता. एक विषय, एक नाव आणि मध्ये एका पिढीचे अंतर. तंत्रातला बदल शिकवायला मला याहून चांगली जोडी माहीत नाही. पदमनजींनी विधवेबद्दल सांगितले, आपट्यांनी विधवेला सांगू दिले. मराठी समाजात या काळात काय हलले ते या दोन वाक्यांच्या अंतरात सापडते.

यानंतर मासिकांचे दिवस आले. का. र. मित्रांच्या ‘मासिक मनोरंजना’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि एका बैठकीत वाचून होईल अशा गोष्टीला हक्काची जागा मिळाली. त्या गोष्टीला आत वळवण्याचे मोठे काम केले ते हैदराबादेत वकिली करणाऱ्या दिवाकर कृष्णांनी. ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा त्यांचा संग्रह १९२७ चा. त्यांच्या कथेत बाहेर फारसे घडत नाही. कोणाचे तरी मन दुखावते आणि ते दुखणे हळूहळू उलगडते. आख्यानात राजा राज्य गमावतो तेव्हा गोष्ट होते. इथे एखाद्या शब्दाने मन मोडते तेव्हा होते. मराठी कथेतले हे वळण पुण्या-मुंबईपासून दूर, उर्दू-तेलुगूच्या गजबजाटात राहणाऱ्या लेखकाच्या हातून आले, याचा आपण बृहन्महाराष्ट्रातल्या लोकांनी अभिमान धरावा. पण त्याहून अधिक, त्याचा विचार करावा. बाहेरची भाषा वेगळी असली की माणूस आपल्या भाषेत आत बोलू लागतो, असे मला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही, पण आपल्यातल्या अनेकांना ते अनुभवाने पटेल.

ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून या सगळ्याचे शास्त्र मांडले. सुरुवात पकड घेणारी, मध्ये गुंतागुंत, एकाच परिणामाकडे नेणारी मांडणी, शेवट चटका देणारा. ‘तंत्र’ हा शब्द मराठी वाचकाच्या तोंडी रुळला तो बराचसा त्यांच्यामुळे. पुढे या तंत्राची पुष्कळ थट्टा झाली. पण फडक्यांनी न दिसणाऱ्या वाचकाचा प्रश्न सोडवला होता हे विसरू नये. गाडीत, दुपारच्या निवांत वेळी, एकट्याने वाचणारा माणूस कंटाळला तर अंक मिटणार. त्याला शेवटापर्यंत हाताला धरून नेण्याची ती रीत होती.

१९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी तो हात सोडला. ‘सत्यकथा’ आणि वडोदऱ्याहून निघणारे ‘अभिरुची’ यांसारख्या मासिकांनी नव्या लेखनाला जागा दिली. गाडगिळांची कथा अनेकदा शेवट न करताच थांबते. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये माणूस उभा राहतो, आणि तोच गोष्ट असतो, त्याच्यावर वेगळे कथानक लादलेले नसते. आता चौथ्या प्रश्नाचे उत्तर बदलले. गोष्ट संपवायची कोणी? वाचकाने. युद्ध, फाळणी, झपाट्याने वाढणारी शहरे हे सगळे पाहिलेल्या लेखकाला सुफळ संपूर्ण म्हणणे जड जात होते. वाचकही तसाच होता, म्हणून त्याला ही अपुरी गोष्ट ओळखीची वाटली.

इथे शिडीवाल्यांना वाटेल की आपण वरच्या पायरीवर पोचलो. पण पुढचीच दोन उदाहरणे ती शिडी मोडतात. बेळगावात वाढलेल्या आणि धारवाडला इंग्रजी शिकवलेल्या जी. ए. कुलकर्ण्यांनी ‘निळासावळा’ (१९५९) पासून आपल्या अवतीभवतीची, सीमेवरची माणसे लिहिली. आणि ‘रमलखुणा’ (१९७५) मध्ये ते सरळ दृष्टान्ताकडे वळले. ओळखीची गावे नाहीत, कॅलेंडरातला काळ नाही, वाट चालणारा माणूस आणि त्याचे प्राक्तन. जवळजवळ आटपाट नगरच. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की दार्ष्टान्तिक गायब आहे. अर्थ लावून द्यायला कुणी नाही. सातशे वर्षांपूर्वीचे पात्र घेऊन त्यांनी त्यात आजची शंका ओतली.

दुसरे उदाहरण कथाकथनाचे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर छापलेल्या कथा घेऊन व्यासपीठावर उभे राहिले आणि सभागृहे भरू लागली. ज्यांनी मिरासदारांना ऐकले त्यांना ठाऊक आहे की छापील कथा आणि सांगितलेली कथा एक नव्हे. हशा पिकला की थांबायचे, एखादे वाक्य पुन्हा घोळवायचे, समोरच्यांना मजा येते आहे असे दिसले की संवाद वाढवायचा. शंभर वर्षे न दिसलेला श्रोता पुन्हा दिसू लागला, आणि त्याबरोबर कीर्तनकाराची सगळी आयुधे परत आली. तंत्रे जुनी होऊन मरत नाहीत. त्यांना लागणारा श्रोता नसला की ती माळ्यावर जातात. तो आला की खाली येतात.

हे सारे कशासाठी सांगायचे? ग्रंथ तर ग्रंथालयात आहेत, त्यांचा अभ्यास कधीही करता येईल. पण घरातल्या सांगण्याचा अभ्यास कधीही करता येणार नाही. चिऊकाऊची गोष्ट आज कुठल्याही मुलांच्या पुस्तकात सुरक्षित आहे. तिथे बाळाची न्हाणी, काजळ, तीट यांची संख्या छपाईने ठरवून टाकलेली असते. घरात ती घास किती उरले त्यावर ठरते. ही लवचीकता पुस्तकात उतरत नाही. ती सांगणाऱ्या माणसाबरोबर असते आणि त्याच्याबरोबर जाते. ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, गोवा इथल्या आपल्या घरांत मराठी गोष्टीने हिंदी, गुजराती, तेलुगू, कानडी, कोंकणी ऐकणाऱ्यांसाठी स्वतःला कसकसे बदलून घेतले, हे पुण्याच्या कुठल्याही पोथीत सापडणार नाही. ते फक्त आपल्यापाशी आहे.

म्हणून एक सोपे काम सुचवतो. घरातली एकच गोष्ट निवडा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला, मग मधल्या पिढीला, मग मुलाला ती आपापल्या परीने सांगू द्या आणि तिन्ही वेळा जशीच्या तशी टिपून किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. भाषा शुद्ध करू नका. ‘गोबर’ म्हटले तर ‘गोबर’च राहू द्या. कुठे थांबले, कुठे हात हलवले, ऐकणाऱ्याने काय विचारले, तेही लिहा. तीन पाठ जुळले नाहीत तर खरा कोणता ते ठरवत बसू नका. म्हाइंभटांच्या मंडळींनी केले तेच करा, कोणाचा कोणता ते नोंदवा. मग ते चार प्रश्न विचारा. तुमच्या घराचा इतिहास त्या उत्तरांत दिसेल. मंडळाने अशा नोंदी जमवल्या, तर पुढच्या एखाद्या वर्षी या व्यासपीठावरून माझ्याहून जाणता कुणी त्यांवर बोलू शकेल.

आमच्या घरचा तिसरा पाठ मी टिपून ठेवला आहे. सांगणारी माझी नात, वय सहा वर्षे. तिच्या गोष्टीत कावळा दोनदाच दार ठोठावतो. तिसऱ्यांदा चिमणी विचारते, “भिजलास का रे?” आणि दार उघडते. मी म्हटले, “अगं, गोष्टीत असं नाही.” ती म्हणाली, “मी सांगते आहे ना!”

मी गप्प बसलो आणि म्हणालो, “मग?”